न वितळता जडलेला सांधा

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचे गाव आहे. महानुभाव पंथाचे हे पवित्र क्षेत्र होय. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य येथे झाले आणि म्हाइंभटाने लीळाचरित्राची सिद्धता येथेच केली, ही गोष्ट मराठी घरांतून सुपरिचित आहे. परंतु इतिहाससंशोधकांच्या लेखी या गावाचे आणखीही एक महत्त्व आहे. वाकाटकांची राणी आणि दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता हिचे पाचव्या शतकातील एक दानपत्र येथे सापडले. ते चार तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेले आहे. जुन्या ताम्रशासनांची रीत अशी की, पत्र्यांना भोक पाडावयाचे, त्यातून धातूची कडी ओवावयाची, कडीची टोके जोडून टाकावयाची आणि तिजवर राजमुद्रा जडवावयाची. कोणी लबाडीने मधला पत्रा बदलू पाहील तर त्यास कडी तोडावी लागे, आणि तुटलेली कडी त्या लबाडीची साक्ष देई. राजाज्ञेचा खरेपणा कोरीव अक्षरांवर जितका अवलंबून असे, तितकाच त्या बोटभर सांध्यावरही असे.

मनुष्याने घडविलेल्या बहुतेक वस्तूंची हीच कथा आहे. भिंत कोपऱ्यात फुटते, खाट खुरापाशी मोडत नाही तर चुळीपाशी निखळते, आणि होडी फळीच्या मध्यावर न गळता दोन फळ्यांच्या फटीतून गळते. म्हणून कारागिराची खरी परीक्षा पत्रा घडविण्यात नसून दोन पत्रे एकजीव करण्यात आहे. तांबे, लोखंड आणि पोलाद यांच्या बाबतीत ही विद्या मनुष्याने शतकानुशतके कमावली. ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र ती फार उशिरा हाती आली, आणि तीही अशा मार्गाने आली की लोहारशाळेतील जुन्या कारागिरास ती ऐकताच ओळखीची वाटावी.

धातू जोडण्याचे जे प्रकार आपल्याकडे रूढ आहेत, त्यांचा क्रम प्रथम लक्षात घेतला पाहिजे. पहिला प्रकार खिळ्याचा, म्हणजे रिव्हेटचा. दुसरा डाखाचा, यात कमी उष्णतेवर वितळणारा निराळा धातू फटीत ओतून दोन कडा चिकटवितात. तिसरा विजेच्या ठिणगीने किंवा वायूच्या ज्योतीने कडाच वितळवून टाकण्याचा, ज्यास सर्वत्र वेल्डिंग म्हणतात. यांखेरीज चौथा आणि फार जुना प्रकार लोहाराचा. तो दोन लोखंडी टोके भट्टीत घालतो, भात्याने ती शुभ्र तापवितो आणि ऐरणीवर एकावर एक ठेवून घणाने ठोकतो. लोखंड वितळत नाही, केवळ मऊ होते. तरीही ठोक्यांच्या दाबाखाली दोन्ही टोके एकमेकांत मिसळून जातात. घन अवस्थेतच घडून येणारा हा सांधा पुढे फार उपयोगी पडावयाचा होता.

ॲल्युमिनियमला वेल्डिंग मानवत नाही, याची कारणे त्याच्या स्वभावातच आहेत. हवेचा स्पर्श होताच त्याच्या अंगावर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो. या पापुद्र्यामुळेच घरातील पातेले गंजत नाही. परंतु धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, तर हा पापुद्रा वितळावयास दोन हजारांहून अधिक अंश लागतात. आत धातूचे पाणी झाले तरी वरची कात तशीच राहते आणि दोन कडांच्या मध्ये आडवी येते. दुसरी अडचण अशी की, ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेण्यात लोखंडाच्या जवळजवळ तिप्पट तत्पर आहे. एके ठिकाणी दिलेली आच क्षणात सगळ्या पत्र्यावर पसरते. तिसरी अडचण वायूची. वितळलेले ॲल्युमिनियम हैड्रोजन वायू पुष्कळ शोषून घेते. थिजताना त्याला तो सांभाळता येत नाही, आणि सांध्यात बारीक बारीक पोकळ्या राहून जातात. थिजताना धातू आकसतो, त्यामुळे कित्येक बलवान मिश्रधातूंत भेगाही पडतात. विमानांसाठी लागणारे तांबेयुक्त व जस्तयुक्त मिश्रधातू तर या दोषाने इतके ग्रासलेले की, त्यांच्या बाबतीत वेल्डिंगचा विचारही दीर्घकाळ वर्ज्य मानला गेला.

यामुळे विमाने रिव्हेटनी जोडली गेली, आणि महाराष्ट्राच्या रस्त्यांवरील लाल गाड्याही तशाच बांधल्या गेल्या. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे आणि नगर यांच्या दरम्यान धावली. पुढे कित्येक दशके एसटीच्या गाड्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकलेले असत, आणि खिडकीखालून गेलेली रिव्हेटांची रांग प्रवाशांच्या परिचयाची असे. रिव्हेट विश्वासू खरा, परंतु त्याला प्रत्येक वेळी एक भोक लागते. भोक म्हणजे दुबळेपणाचे बीज. तेथे ताण एकवटतो, तेथूनच चीर निघते. शिवाय पत्र्यावर पत्रा चढवावा लागतो, त्यामुळे वजन वाढते आणि फटीत पाणी शिरते.

या कोंडीतून वाट काढली ती १९९१ साली इंग्लंडात, केंब्रिजजवळील वेल्डिंग इन्स्टिट्यूट या संस्थेतील वेन टॉमस व त्यांचे सहकारी यांनी. घर्षणाने दोन दांडे जोडण्याची युक्ती त्यापूर्वी माहीत होती. रशियात १९५० नंतरच्या दशकात तिचा व्यवहारात उपयोगही होऊ लागला होता. परंतु तेथे जोडावयाची वस्तूच गरगर फिरवावी लागे, आणि लांबलचक सपाट पत्रे तर कोणी फिरवू शकत नाही. टॉमस यांच्या योजनेत पत्रे स्थिर राहतात आणि एक तिसरेच हत्यार त्यांच्यामधून फिरत जाते. इंग्रजीत या क्रियेस फ्रिक्शन स्टर वेल्डिंग असे नाव मिळाले. मराठीत तिला घर्षण-मंथन-सांधा म्हणता येईल. कारण अरणीतून अग्नी काढताना जे घर्षण होते आणि डेऱ्यात रवी फिरविताना जे मंथन होते, त्या दोहोंचा येथे संगम झालेला आहे.

हत्यार दिसावयास साधे असते. टणक पोलादाची एक जाड दांडी घ्यावी; तिचा तळ रुंद असतो, त्यास खांदा म्हणतात. खांद्याच्या मधोमध एक आखूड खुंटी असते. खुंटीची लांबी पत्र्याच्या जाडीहून किंचित कमी ठेवतात आणि बहुधा तिला आटे पाडलेले असतात. जोडावयाचे दोन पत्रे कडेला कड भिडवून एका भक्कम पाटावर घट्ट आवळतात. मग मिनिटास काही शेकड्यांपासून हजार-दीड हजारांपर्यंत फेरे घेणारे ते हत्यार दोहोंच्या मधल्या रेषेत दाबून उतरवितात. खुंटी आत शिरते, खांदा वर टेकतो, आणि त्या घासण्याने धातू तापू लागतो. उष्णतेचा मोठा वाटा खांदाच निर्माण करतो. सामान्यतः चारशे ते पाचशे अंशांपर्यंत पारा चढतो, म्हणजे वितळण्याच्या बिंदूपर्यंत तो जात नाही. धातू मळलेल्या कणकेसारखा मऊ होतो. हत्यार रेषेवरून पुढे सरकू लागले की खुंटी समोरचा मऊ धातू आपल्या भोवतीने मागे नेते, आणि खांदा त्यास वरून दाबून ठेवतो. मागे राहतो तो सलग सांधा. ना ठिणगी, ना धूर, ना डोळे दिपविणारा प्रकाश. वरून घालावयाचा निराळा धातूही लागत नाही.

वितळणेच टळल्यामुळे वितळण्याचे बहुतेक रोगही टळले. पापुद्रा मंथनात चूर होऊन विखुरला जातो, हैड्रोजनास शिरकाव करावयास द्रव सापडत नाही, आणि थिजतानाच्या भेगांचा प्रश्नच उरत नाही. उष्णता कमी लागत असल्यामुळे पत्रा वाकण्याचे प्रमाणही घटते. लोहार घणाने जे करीत होता, तेच येथे फिरत्या खुंटीने अखंड होत असते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळले पाहिजे. हा सांधा मूळ पत्र्याइतका बळकट असतो काय? याचे उत्तर धातूच्या जातीवर अवलंबून आहे, आणि ते समजून न घेता केवळ नव्या युक्तीचे कौतुक करणे धोक्याचे आहे.

सांध्याचा आडवा छेद घेऊन, घासून, आम्लाने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात चार पट्टे दिसतात. मध्यभागी खुंटीने घुसळलेला गाभा असतो. त्यातील स्फटिककण मूळ धातूपेक्षा पुष्कळ बारीक झालेले असतात आणि कापलेल्या कांद्याप्रमाणे एकात एक वलये दिसतात. गाभ्याच्या दोहों अंगांस जो पट्टा असतो, त्यातील कण वाकलेले व ताणलेले असतात. त्याच्या बाहेर केवळ उष्णता लागलेला पट्टा असतो. येथे खुंटी पोचलेली नसते, फक्त आच पोचलेली असते. त्यापलीकडे मूळ धातू जशाचा तसा राहतो.

घुसळलेला गाभाच दुबळा असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. उष्णतेच्या संस्काराने बळकट केलेल्या मिश्रधातूंत मात्र नीट केलेला सांधा बहुधा गाभ्याच्या बाहेर, त्या नुसती आच लागलेल्या पट्ट्याकडे तुटतो. याचे कारण कळावयास १९०६ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांस असे आढळले की, थोडे तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझविले आणि नुसते ठेवून दिले, तर ते काही दिवसांत आपोआप कठीण होते. धातूच्या अंतरंगात अतिसूक्ष्म कण जन्म घेतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू पाहतात तेव्हा ते कण त्यांची वाट अडवितात. या कणांचा बारीकपणा हेच बळकटीचे रहस्य होय. पुन्हा आच लागली की हे कण एकमेकांना गिळून मोठे व विरळ होतात. मग थर घसरावयास वाट मोकळी होते आणि धातू मऊ पडतो. सांध्याच्या कडेच्या पट्ट्यात नेमके हेच घडते.

आकड्यांनी बोलावयाचे तर ६०६१ क्रमांकाचा मिश्रधातू पाहू. त्यात मॅग्नेशियम व सिलिकॉन असते. पूर्ण संस्कार केलेल्या अवस्थेत त्याची ओढ सोसण्याची शक्ती सुमारे ३१० मेगापास्कल असते. म्हणजे एक चौरस सेंटिमीटर छेदाचा दांडा तीन टनांहून थोडा अधिक भार सोसून मग तुटतो. घर्षण-मंथनाने जोडल्यावर हीच शक्ती साधारणपणे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश इतकी उरते. विजेच्या ठिणगीने जोडले असता ती बहुधा याहूनही खाली जाते. उलट ज्या मिश्रधातूंची बळकटी अशा कणांवर अवलंबून नाही, उदाहरणार्थ जहाजांसाठी वापरावयाचा ५०८३ क्रमांकाचा मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू, तो मूळचाच मऊ केलेल्या अवस्थेत असेल तर सांध्याची शक्ती मूळ पत्र्याच्या जवळजवळ बरोबरीची होते, आणि ओढून पाहिले असता पुष्कळदा पत्राच आधी तुटतो. वारंवार हेलकावे सोसण्याच्या परीक्षेतही हा सांधा ठिणगीच्या सांध्याहून सामान्यतः सरस ठरतो, कारण त्याची पाठ सपाट असते आणि आत पोकळ्या नसतात.

तात्पर्य, शंभर टक्के बळ हा सांधा सर्वत्र देत नाही. शहाणा रचनाकार हे आधीच हिशेबात धरतो. तो सांध्याची जागा कमी ताणाच्या ठिकाणी निवडतो, किंवा सांध्यापुरती कड जाड ठेवतो, किंवा शक्य असेल तेथे जोडणीनंतर पुन्हा उष्णतेचा संस्कार करून हरवलेल्या बळाचा काही भाग परत मिळवितो.

याहून गंभीर गोष्ट दोषांची आहे. हत्यार फार वेगाने पुढे ढकलले किंवा फेरे कमी पडले, तर धातू पुरेसा मऊ होत नाही. खुंटीच्या मागची जागा भरून येत नाही आणि सांध्याच्या पोटात लांबच लांब भुयार राहते. वरून पाहावे तर पाठ गुळगुळीत, आतून मात्र पोकळ. खुंटी आखूड पडली तर तळाशी पत्रे जुळतच नाहीत. सर्वांत फसवा दोष म्हणजे ज्यात दोन पृष्ठभाग एकमेकांस अगदी भिडलेले असतात, परंतु एकजीव झालेले नसतात. भुयार क्ष-किरणांत दिसते, ध्वनिलहरींनी हुडकता येते. हा भिडलेला पण न जडलेला सांधा पुष्कळदा या दोहोंनाही चकवितो. तो उघडा पाडावयाचा तर नमुन्याचा तुकडा कापून तळाची बाजू बाहेर येईल असा वाकवून पाहावा लागतो. वाकताना जेथे फट उमलेल, तेथे जोडणी झालीच नव्हती असे समजावे.

शेवटी हत्यार उचलले की खुंटीच्या आकाराचे एक छिद्र मागे उरते, हीही अडचण आहेच. सरळ पत्र्यात ते टोक कापून टाकतात. गोल टाकीत मात्र ते बुजविण्यासाठी किंवा खुंटी हळूहळू मागे ओढून घेण्यासाठी निराळी योजना करावी लागते. पत्रे आवळून धरावयास भक्कम पाट लागतो आणि हत्यारावर मोठा दाब द्यावा लागतो. म्हणून हातात नळी धरून उंच पुलावर किंवा शेतातील मोडक्या नांगरावर हा सांधा करता येत नाही. गल्लीतील वेल्डरचे काम या युक्तीने संपणार नाही.

जेथे लांब, सरळ आणि बिनचूक सांधे शेकड्यांनी करावयाचे असतात, तेथे मात्र तिने आपला अधिकार सिद्ध केला आहे. नॉर्वेमध्ये १९९० नंतरच्या दशकात जहाजांच्या तक्तपोशीसाठी ॲल्युमिनियमचे मोठे फलक या रीतीने जोडले जाऊ लागले. जपानात हिताची कंपनीने आगगाडीच्या डब्यांची पोकळ भिंत याच मंथनाने सांधली. अमेरिकेत १९९९ साली डेल्टा जातीच्या अग्निबाणात असे सांधे प्रथम उडाले आणि पुढे अवकाशयानाच्या प्रचंड इंधनटाकीतही त्यांचा उपयोग झाला. घरातील टेबलावर येणारा ॲपल कंपनीचा संगणक २०१२ साली एकदम सडपातळ झाला, तोही त्याच्या पुढच्या व मागच्या कवचाची कड या रीतीने जोडता आल्यामुळे. स्वीडनमध्ये अणुभट्टीतील जळलेले इंधन हजारो वर्षे जमिनीत पुरून ठेवण्यासाठी पाच सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या पिंपांची योजना आहे, आणि त्यांची झाकणे बसविण्यासाठी हाच सांधा निवडला गेला. राणीच्या आज्ञेप्रमाणे तेथेही तांब्याला दीर्घकाळ विश्वास सांभाळावयाचा आहे.

महाराष्ट्रात या विषयाची निकड वाढत आहे. पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली. तिचे डबे ॲल्युमिनियमचे आहेत. वजन हलके म्हणजे वीज कमी, हा त्यामागचा हिशेब. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या विद्युत्घटांची तबके पुष्कळदा ॲल्युमिनियमची असतात, आणि त्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपले तर अनर्थ होतो. नागपुरास अमरावती रस्त्यावर वाडी येथे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र १९८९ सालापासून उभे आहे. या धातूच्या अभ्यासासाठी देशाने ठेवलेले ते ठिकाण वऱ्हाडच्या अगदी शेजारी आहे. मूळ शोधावरील एकस्वाची मुदतही आता संपलेली आहे. पातळ पत्र्यांवरील प्रयोग तर साध्या उभ्या मिलिंग यंत्रावरही करता येतात, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून विद्यार्थी ते करीतही असतात.

साधने हाताशी असता उणीव राहील ती समजुतीची. यंत्रावर उभ्या असलेल्या कामगारास मिनिटास किती फेरे आणि किती सेंटिमीटर, एवढेच दोन आकडे सांगितले, तर काम लवकर उरकावे म्हणून तो दुसरा आकडा वाढवील. सांध्याची पाठ तशीच चकचकीत दिसेल, आणि भुयार गाडीबरोबर रस्त्यावर जाईल. त्यास कारण सांगितले पाहिजे, आणि ते त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. खांदा, खुंटी, गाभा, पट्टा, भुयार हे शब्द मराठी घरातलेच आहेत. त्यांत या शास्त्राचा मोठा भाग सांगता येतो.

या कामी रिद्धपुराकडे पाहावेसे वाटते, ते केवळ ताम्रपटामुळे नव्हे. संस्कृताचा दबदबा असतानाही महानुभावांनी आपले गहन तत्त्वज्ञान लोकांच्या मराठीत मांडले. म्हाइंभटाने लीळा गोळा करताना ज्यांनी त्या पाहिल्या वा ऐकल्या होत्या त्यांस गाठून विचारपूस केली, आणि नागदेवाचार्यांच्या साहाय्याने त्यांची खातरजमा केली. साक्ष तपासल्याखेरीज ती स्वीकारावयाची नाही, हाच धातुपरीक्षकाचाही धर्म आहे. रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठाचे काम २०२४ साली सुरू झाले, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. जुन्या ग्रंथांचे संपादन हे अशा विद्यापीठाचे कर्तव्य आहेच. कारखान्यातील कामगारास, तंत्रनिकेतनातील मुलास आणि परीक्षकास एकमेकांशी अचूक बोलता येईल अशी परिभाषा घडविणे हेही त्याच कर्तव्याचे दुसरे अंग होय. ज्ञान आणि भाषा एकमेकांस नुसती भिडून राहिली, तर पहिल्याच वाकवणीत त्यांच्यामध्ये फट उमलेल. ती एकजीव व्हावयाची असतील तर थोडी आच, पुष्कळ मंथन आणि वरून सतत दाब, या तिन्ही गोष्टी लागतील.